हेमाद्री : देवगिरीचा श्रीकरणाधिप आणि धर्मशास्त्रकार

प्रस्तावना

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या दगडी मंदिराची चौकशी केली असता ‘हे हेमाडपंती आहे’ असे उत्तर सहजपणे मिळते. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर, औंढ्याचे नागनाथ मंदिर या सर्वांच्या संदर्भात हा शब्द लोकांच्या तोंडी रूढ झालेला आहे. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा मात्र व्यवसायाने स्थपती नव्हता. तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता आणि मध्ययुगीन भारतातील एका अतिविस्तृत धर्मशास्त्रीय निबंधग्रंथाचा कर्ता होता. लोकस्मृतीने त्याला मंदिरे, मोडी लिपी आणि बाजरीचे पीक बहाल केले. परंतु ज्या ग्रंथामुळे त्याचे नाव काशीपासून दक्षिणेपर्यंत प्रमाण मानले गेले, तो ‘चतुर्वर्गचिंतामणी’ त्याच्याच प्रदेशात फारसा वाचला जात नाही.

हेमाद्रीविषयी मराठीत दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार तो यादव वैभवाचा शिल्पकार होता. दुसऱ्या मतानुसार त्याने व्रतवैकल्यांचे ओझे लादून समाज दुर्बल केला व यादव सत्तेच्या ऱ्हासास हातभार लावला. यांपैकी कोणतेही मत स्वीकारण्यापूर्वी हेमाद्रीने प्रत्यक्षात काय केले, निबंधग्रंथ म्हणजे काय आणि त्याचा समाजजीवनावर कितपत अधिकार चालत असे, हे समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे.

काळ व राजकीय पार्श्वभूमी

हेमाद्री हा वत्सगोत्री ब्राह्मण असून त्याच्या पित्याचे नाव कामदेव, पितामहाचे वासुदेव व प्रपितामहाचे वामन असे होते. यादव राजा महादेव (इ.स. १२६१ ते १२७१) याच्या काळात तो श्रीकरणाधिप या पदावर होता. ‘श्रीकरण’ म्हणजे राज्याचे दफ्तरखाते. राजाज्ञा, दानपत्रे, महसुलाच्या नोंदी व पत्रव्यवहार यांची व्यवस्था या खात्याकडे असे. त्यामुळे श्रीकरणाधिप हा केवळ लेखनिकांचा प्रमुख नसून संपूर्ण राज्यकारभाराची माहिती हाताशी असलेला अधिकारी होता.

यादव दरबारात हे पद विद्वानांकडे असण्याची परंपरा होती. ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव हा सिंघण यादवाच्या दरबाराशी संबंधित होता आणि त्याचे घराणेही श्रीकरणाच्या कामाशी निगडित होते. म्हणजेच लेखणी, शास्त्र आणि सत्ता यांचे एकत्र नांदणे ही हेमाद्रीपुरती अपवादात्मक बाब नव्हती.

महादेवाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र आमण गादीवर बसला. परंतु कृष्णाचा पुत्र रामचंद्र याने त्याला पदच्युत करून इ.स. १२७१ मध्ये सत्ता हस्तगत केली. असा सत्तापालट होऊनही हेमाद्रीचे स्थान टिकून राहिले, ही बाब लक्षणीय आहे. ठाणे येथील शके ११९४ म्हणजे इ.स. १२७२ च्या सुमाराच्या ताम्रपटात रामचंद्राच्या राजवटीतील अधिकारी म्हणून त्याचा उल्लेख येतो. दफ्तराबरोबरच हत्तीदलाची जबाबदारीही त्याच्याकडे असल्याचे यादवकालीन साधनांवरून दिसते. राजा बदलला तरी दफ्तर चालविणारा माणूस सहसा बदलता येत नाही, हे राज्यव्यवहारातील जुने सत्य येथेही प्रत्ययास येते.

ग्रंथसंपदा

‘चतुर्वर्गचिंतामणी’ या नावातील चतुर्वर्ग म्हणजे धर्म, अर्थ, काम व मोक्ष हे चार पुरुषार्थ होत. ग्रंथाची योजना व्रतखंड, दानखंड, तीर्थखंड, मोक्षखंड व परिशेषखंड अशी पाच खंडांची आहे. परिशेषखंडात देवता, कालनिर्णय, कर्मविपाक व लक्षणसमुच्चय या विषयांचा अंतर्भाव योजिलेला होता. यांपैकी व्रत, दान, श्राद्ध व कालनिर्णय हे भाग कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ‘बिब्लिओथिका इंडिका’ या मालेत इ.स. १८७३ पासून क्रमाने प्रसिद्ध केले. छापील पृष्ठांची संख्या काही हजारांत जाते. तीर्थखंड व मोक्षखंड मात्र या मुद्रित ग्रंथात नाहीत.

व्रतखंडाच्या आरंभी यादव वंशाची राजप्रशस्ती आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाची इ.स. १८८४ मध्ये मांडणी करताना या प्रशस्तीचा आधारग्रंथ म्हणून उपयोग केला. यादवांची वंशावळ आज ज्या क्रमाने महाविद्यालयीन पाठ्यक्रमात शिकविली जाते, तिच्या मुळाशी शिलालेखांबरोबरच हेमाद्रीची ही प्रशस्ती आहे. राजस्तुतीचा भाग वगळूनही तिचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे.

धर्मशास्त्राखेरीज हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ती संपूर्ण उपलब्ध नसली तरी सूत्रस्थानावरील टीका आजही आयुर्वेद महाविद्यालयांत अभ्यासली जाते. त्याचा आश्रित व स्नेही बोपदेव हा विदर्भातील वरदा म्हणजे वर्धा नदीच्या काठचा, वैद्य केशवाचा पुत्र. ‘मुग्धबोध’ या त्याच्या व्याकरणाने पुढे बंगालमध्ये मोठी प्रतिष्ठा मिळविली. बोपदेवाने भागवत पुराणावर आधारित ‘मुक्ताफल’ हा ग्रंथ रचला व त्यावरील ‘कैवल्यदीपिका’ ही टीका हेमाद्रीच्या नावावर आहे. धर्मशास्त्र, वैद्यक, व्याकरण व भक्ती यांचा असा मेळ एका मंत्र्याच्या भोवती जमलेला दिसतो.

निबंधग्रंथाचे स्वरूप व पद्धती

धर्मशास्त्रात सूत्रे, स्मृती, टीका व निबंध असे वाङ्मयाचे ढोबळ टप्पे मानले जातात. टीका एका स्मृतीचा अर्थ लावते. निबंधकार मात्र एक विषय हाती घेऊन त्यावर अनेक स्मृतींत व पुराणांत जे जे सांगितले आहे, ते एकत्र करतो, परस्परविरोधी वचनांची संगती लावतो आणि निर्णय देतो. हेमाद्रीच्या आधी सुमारे शतकभर गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा मंत्री लक्ष्मीधर याने ‘कृत्यकल्पतरु’ हा असाच विशाल निबंध सिद्ध केला होता. मंत्र्याने निबंध रचण्याची ही रीत हेमाद्रीने दक्षिणेत अधिक विस्ताराने राबविली.

या पद्धतीचे स्वरूप कालनिर्णयाच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी सुमारे १९ ते २६ तासांची असू शकते. दिवस मात्र सूर्योदयापासून मोजला जातो. परिणामी एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, तर एखादी एकाही सूर्योदयाला सापडत नाही. मग व्रत कोणत्या दिवशी करावे? एका पुराणवचनानुसार पहिला दिवस ग्राह्य ठरतो, तर दुसऱ्यानुसार दुसरा.

येथे निबंधकार मीमांसाशास्त्राची मदत घेतो. ज्या कर्माचा जो काळ, त्या काळात जी तिथी असेल ती त्या कर्मासाठी घ्यावी, हा सर्वसाधारण नियम. गणेशचतुर्थीला मध्याह्नी चतुर्थी असणे महत्त्वाचे, जन्माष्टमीला मध्यरात्रीची अष्टमी महत्त्वाची. एकादशीच्या बाबतीत दशमीचा वेध टाळावा लागतो आणि वेध कोणत्या क्षणापासून मोजावा यावर स्मार्त व भागवत असा भेद निर्माण होतो. आजच्या पंचांगात ‘स्मार्त एकादशी’ व ‘भागवत एकादशी’ असे दोन दिवस छापलेले आढळतात, त्यामागे निबंधकारांच्या याच चर्चा आहेत. पंढरीची वाट धरणाऱ्या वारकऱ्याच्या उपवासाचा दिवस ठरविणारी तर्कपद्धती आणि देवगिरीच्या श्रीकरणाधिपाचा ग्रंथ यांचा संबंध असा जवळचा आहे.

हेमाद्रीच्या ग्रंथाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे आधारवचनांची विपुलता. तो वचन कोणत्या स्मृतीतील वा पुराणातील आहे ते नावानिशी देतो. ज्या स्मृती स्वतंत्र रूपात आज नष्ट झाल्या, त्यांतील कित्येक वचने अशा निबंधांतील अवतरणांच्या रूपानेच शिल्लक आहेत. पुराणांच्या पाठचिकित्सेसाठी अभ्यासकांना त्याच्याकडे वळावे लागते. दफ्तर सांभाळणाऱ्याची नोंद ठेवण्याची सवय शास्त्रग्रंथातही उतरली, असे यासंबंधी म्हणता येईल.

समकालीन युरोपातील एक तुलना

हेमाद्रीच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्याच्याच काळातील युरोपकडे पाहणे उपयुक्त ठरते. ग्रेशियनने इ.स. ११४० च्या सुमारास चर्चच्या परस्परविरोधी नियमांची संगती लावणारा संग्रह केला. पोप नववा ग्रेगरी याने इ.स. १२३४ मध्ये पोपच्या निर्णयपत्रांचा अधिकृत संग्रह प्रसृत केला. या कायद्याचा तेराव्या शतकातील अग्रगण्य भाष्यकार म्हणजे सेगुसिओचा हेन्री. इ.स. १२४४ मध्ये तो सिस्टेरॉनचा बिशप, १२५० मध्ये एम्ब्रूनचा आर्चबिशप आणि १२६२ मध्ये ओस्टियाचा कार्डिनल-बिशप झाला. ओस्टियावरूनच तो ‘होस्टिएन्सिस’ या नावाने ओळखला जातो. त्याचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ पुढे ‘सुवर्ण सुम्मा’ म्हणून गाजला. इ.स. १२७१ मध्ये, म्हणजे देवगिरीला रामचंद्र गादीवर आला त्याच वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

दोघांतील साम्य सहज लक्षात येते. दोघेही उच्चपदस्थ, दोघेही विरोधी वचनांची संगती लावणारे, दोघांचेही ग्रंथ पुढील पिढ्यांनी प्रमाण मानले. परंतु त्यांच्यातील भेद अधिक बोधप्रद आहे. होस्टिएन्सिसच्या पाठीशी चर्चची न्यायालये होती. विवाहाची वैधता, मृत्युपत्रे, चर्चची मालमत्ता यांवर ही न्यायालये निवाडे देत, अपील थेट पोपपर्यंत जाई आणि बहिष्काराचे शस्त्र हाती असे. हेमाद्रीच्या मागे अशी केंद्रीय धर्मसंस्था नव्हती. त्याचा ग्रंथ राजाच्या आश्रयाने झाला, तरी तो राजाज्ञा नव्हता. त्याचा अधिकार विद्वत्मान्यतेवर आणि स्थानिक ब्रह्मसभा, पुरोहित व कुळाचार यांनी तो स्वीकारण्यावर अवलंबून होता.

यासंदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन विभाग आहेत. वारसा, ऋण, साक्ष, दंड हे विषय व्यवहारात येतात. हेमाद्रीच्या उपलब्ध ग्रंथाचा भर आचारावर आहे. व्यवहाराच्या बाबतीत दख्खनचा प्रमाणग्रंथ म्हणजे विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ.स. १०७६ ते ११२६) याच्या कल्याणी येथे रचली गेली. कल्याणी म्हणजे लातूर व नांदेड या जिल्ह्यांना लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ब्रिटिश न्यायालयांनी मिताक्षरेला वारसा कायद्यात स्थान दिले आणि एकत्र कुटुंबातील सहदायादाची तिची कल्पना हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ व त्यातील २००५ च्या दुरुस्तीपर्यंत विधिचर्चेत राहिली. अशा प्रकारे एकाच टापूतून व्यवहार व आचार या दोन्ही शाखांचे प्रमाणग्रंथ निघाले. त्यांपैकी एक न्यायालयात गेला, तर दुसरा देवघरात व पंचांगात.

आक्षेपांचा विचार

हेमाद्रीवरील पहिला आक्षेप व्रतवैकल्यांच्या अतिरेकाचा आहे. व्रतखंडात शेकडो व्रते आहेत, हे खरे. परंतु ती हेमाद्रीने निर्माण केलेली नाहीत. भविष्य, मत्स्य, स्कंद आदी पुराणांतून ती संकलित केलेली आहेत. शब्दकोशात हजारो शब्द आहेत म्हणून ते सर्व एकाच दिवशी बोलावे लागत नाहीत. तसेच संग्रहातील सर्व व्रते एका माणसाने करावीत असे संग्रहकारास अभिप्रेत नसते. शिवाय व्रत हे वैदिक यज्ञाप्रमाणे मोजक्यांपुरते मर्यादित नव्हते. स्त्रिया व शूद्र यांनाही व्रताचा अधिकार शास्त्रकारांनी मान्य केला. स्त्रीला पतीची वा वडीलधाऱ्यांची अनुमती घेण्याची अट मात्र घातली. म्हणजे व्रतखंड एकीकडे धर्माचरणाची कक्षा रुंदावतो आणि दुसरीकडे ती पुरोहित व कुटुंबप्रमुख यांच्या नियंत्रणाखाली ठेवतो. हे दोन्ही पैलू एकत्र पाहिल्याखेरीज त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

व्रतांमुळे यादव सत्ता कोसळली, हे विधान तर कालक्रमाच्या कसोटीवरच टिकत नाही. चतुर्वर्गचिंतामणी महादेवाच्या काळात सिद्ध झाला. त्याच काळात यादवांनी कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पराभव करून उत्तर कोकण जिंकले. झाडी मंडलातील विजयाचे श्रेय तर खुद्द हेमाद्रीला दिले जाते. इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जी देवगिरीवर आला, तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह राजधानीबाहेर होता आणि शत्रूच्या हालचालींची वार्ता वेळेवर पोचली नव्हती. ही कारणे लष्करी व प्रशासकीय आहेत. ग्रंथाच्या पानांत त्यांचा शोध घेणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो समकालीन साधनांतून येतो. महानुभाव वाङ्मयात हेमाद्री हा श्रीचक्रधरांच्या विरोधकांपैकी एक प्रमुख म्हणून येतो. पैठण येथील सभेच्या वृत्तांतात त्याचे नाव घेतले जाते. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी इ.स. १२७८ च्या सुमारास आठवणी गोळा केल्या. म्हणजे ही साक्ष घटनांच्या फार जवळची आहे. ती अनुयायांची असल्याने एकपक्षी आहे, असे म्हणता येईल. पण राजप्रशस्तीही एकपक्षीच असते. हेमाद्रीच्या ग्रंथातून या संघर्षाविषयी काही कळत नाही. तथापि चक्रधरांनी स्त्री-शूद्रांना मराठीतून संन्यासधर्माचा उपदेश केला, तर हेमाद्रीने संस्कृतातून आचाराची चौकट बांधली, हा विरोध ग्रंथांच्या स्वरूपातूनच दिसतो. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांना दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून पूज्य आहे. त्यामुळे या प्रदेशात हेमाद्रीचे स्मरण करताना ही दुसरी स्मृतीही विचारात घेणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अपरिहार्य ठरते. विद्वत्ता व सत्ता एकवटली की विरोधी मताला जागा किती उरते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि तो केवळ तेराव्या शतकापुरता नाही.

‘हेमाडपंती’ या संज्ञेचा प्रश्न

चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत सांधून उभारलेली, तारकाकृती वा कोनयुक्त तलविन्यासाची मंदिरे सरसकट हेमाडपंती म्हटली जातात. परंतु या पद्धतीचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील, अर्थात हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे आहे. होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर उत्तर चालुक्य काळातील असून निलंग्याचे मंदिरही हेमाद्रीच्या पूर्वीचे, बाराव्या शतकातील मानले जाते. मंत्री या नात्याने त्याने काही मंदिरांना आश्रय दिला असणे शक्य आहे. पण शैलीचा जनक तो नव्हे.

मोडी लिपी व बाजरी यांचीही गोष्ट अशीच आहे. शीघ्रलेखनाची लिपी दफ्तराच्या गरजेतून हळूहळू घडते. श्रीकरणाच्या प्रमुखाशी तिचे नाते जोडले जाणे स्वाभाविक आहे. ‘हेमाडपंती मेस्तक’ या नावाने पत्रलेखनाचे नियम सांगणारे लेखन प्रचलित झाले, त्यामागेही हेच कारण दिसते. बाजरीचे अवशेष तर गुजरातमध्ये इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकातील स्थळांवर मिळाले आहेत.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. गावोगावच्या सर्वेक्षणात व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ‘हेमाडपंती’ एवढीच नोंद झाली की मंदिराचा काळ आपोआप तेरावे शतक ठरतो. त्यामुळे राष्ट्रकूट, उत्तर चालुक्य आणि यादव या राजवटींतील फरक पुसला जातो आणि जवळचा शिलालेख वाचण्याची निकडही वाटेनाशी होते. होट्टलसारख्या ठिकाणी मंदिर आणि शिलालेख दोन्ही उपलब्ध असताना असे होणे हितावह नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ‘हेमाडपंती’ हा लोकवाचक शब्द म्हणून नोंदवावा. कालनिश्चिती मात्र तलविन्यास, स्तंभ, मूर्ती व लेख यांवरून करावी.

ग्रंथाचा उत्तरकालीन प्रभाव

यादव सत्ता इ.स. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाने संपली. हेमाद्रीचा ग्रंथ मात्र टिकला. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी इ.स. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ पूर्ण केला. त्यात हेमाद्रीचा हवाला वारंवार दिला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी इ.स. १७९० मध्ये ‘धर्मसिंधू’ रचून तीच परंपरा सुलभ केली. श्रावणीच्या वेळी म्हटला जाणारा दीर्घ संकल्प आजही ‘हेमाद्री संकल्प’ म्हणून ओळखला जातो. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी इ.स. १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हेमाद्रीला मानाचे स्थान दिले.

समारोप

हेमाद्रीच्या चरित्रातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, तो मंदिरशैलीचा वा लिपीचा जनक नसून संकलक व निर्णयकार होता आणि त्याचे खरे स्मारक ग्रंथात आहे. दुसरी, त्याचा अधिकार कार्डिनलप्रमाणे न्यायालयावर आधारलेला नव्हता, तरी तो सत्तेपासून अलिप्तही नव्हता. महानुभावांची साक्ष हेच सांगते. तिसरी, यादव सत्तेच्या पतनाचा दोष त्याच्यावर ठेवणे कालक्रमास धरून नाही.

त्याच रामचंद्राच्या राज्यात, इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरीची रचना झाली. मराठवाड्याच्या व गोदाकाठच्या भूमीने एकाच पिढीत संस्कृतातील निबंध, महानुभावांचे गद्य आणि ज्ञानेश्वरांची ओवी पाहिली. यांपैकी दोन प्रवाह मराठीचे विद्यार्थी अभ्यासतात. तिसरा संस्कृत विभागापुरता राहिला आहे. इतिहास, संस्कृत, मराठी व आयुर्वेद या विषयांच्या अध्यापकांनी एकत्रितपणे हेमाद्रीच्या ग्रंथांकडे वळल्यास तेराव्या शतकातील मराठवाड्याचे अधिक पूर्ण चित्र उभे राहू शकेल. त्यासाठी आदर वा आक्षेप यांपैकी काहीही आधी ठरविण्याची गरज नाही. मूळ ग्रंथ उघडून पाहणे एवढेच आवश्यक आहे.